चाकाला बांधलेला दोर

बर्फात मोटारगाडी चालवायची तर टायरला साखळ्या बांधतात, हे आपण चित्रपटांत किंवा मनालीच्या सहलीत पाहिलेले असते. ही साखळी कारखान्यात जन्मली नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसांनी हाताशी असलेला दोर चाकाला गुंडाळला, तिथून तिचा इतिहास सुरू होतो. घर्षण हा धडा शिकवताना 'घर्षणाचे फायदे व तोटे' अशी यादी आपण फळ्यावर लिहितो. ती यादी जिवंत करायला या दोराची गोष्ट फार उपयोगी पडते.

सुरुवातीलाच एक शब्दांचा खुलासा. मराठीत आपण सगळ्यालाच 'बर्फ' म्हणतो. या लेखात आकाशातून भुरभुरत पडते त्याला हिम म्हटले आहे, आणि पाणी गोठून किंवा हिम दबून जो घट्ट, काचेसारखा थर होतो त्याला बर्फ. गाडी दोन्हींवर अडते, पण दोन्हींवर अडण्याची कारणे वेगळी आहेत.

हिम हाच रस्ता होता

मोटार येण्यापूर्वी थंड प्रदेशांतले लोक हिवाळ्यात काय करत असतील? मुलांना विचारले तर बहुतेक उत्तर येते, 'घरात बसत असतील.' प्रत्यक्षात उलटे होते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात जड माल वाहण्याचा खरा हंगाम हिवाळा असे. घोडागाडीची चाके काढून ठेवायची आणि घसरगाडी जुंपायची. लाकडी किंवा लोखंडी पट्ट्यांवर चालणारी घसरगाडी हिमावरून इतक्या सहज सरके, की उन्हाळ्यात खडबडीत रस्त्यावरून ओढता येणार नाही एवढे ओझे तेच घोडे हिवाळ्यात ओढत.

म्हणूनच तिथली गावे रस्त्यावरचे हिम उपसत नसत, ते दाबत असत. घोड्यांनी ओढायचे प्रचंड लाकडी रूळ रस्त्यावरून फिरवून हिमाचा टणक थर तयार केला जाई. त्या भागात छप्पर असलेले लाकडी पूल होते. छपरामुळे पुलाच्या आत हिम पडत नसे आणि घसरगाडी उघड्या फळ्यांवर अडे. त्यासाठी माणसे लावून बाहेरचे हिम फावड्याने पुलावर टाकले जाई! जंगलातून ओंडके आणणारे लोक तर आणखी पुढे गेले होते. ते रात्री रस्त्यावर पाणी शिंपडून मुद्दाम बर्फ करत, आणि जिथे तीव्र उतार असे तिथे गवत किंवा वाळू पसरून त्याच बर्फाचा निसरडेपणा कमी करत. घोड्याच्या नालेला टोकदार खिळे असत. म्हणजे ओझ्याखाली घर्षण कमी हवे आणि ओढणाऱ्याच्या पायाखाली जास्त हवे, हे दोन्ही हिशेब त्यांना पक्के ठाऊक होते.

मोटारीने हा हिशेब बिघडवला. बैलगाडी असो वा घोडागाडी, तिचे चाक फक्त ओझे पेलते. ओढण्याचे काम जनावराचे पाय करतात. मोटारीत मात्र चाकच पाय झाले. जो भाग गुळगुळीत फिरायला हवा, त्यानेच जमीन पकडून गाडी पुढे ढकलायची. घसरगाडीसाठी वरदान असलेले हिम एकाएकी शत्रू झाले.

पोस्टकार्डाएवढी जागा

ही पकड किती तुटपुंजी असते ते आकड्यांनी पाहू. समजा, गाडीचे वजन १२०० किलो आहे. एका चाकावर ३०० किलो आले. टायरमधला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो धरला तर टायर जमिनीला साधारण १५० चौ. सें.मी. जागेत टेकतो. टपालाच्या पोस्टकार्डाहून थोडीशी मोठी जागा! अशा चार जागांच्या भरवशावर आख्खी गाडी धावते, वळते आणि थांबते.

कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो. दबलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत खाली येतो, आणि ओलसर बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने गाडी चालली आहे असे समजा. चाके आवळल्यावर ती किती अंतरावर थांबेल? वेगाचा वर्ग घ्यायचा आणि त्याला घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि २ यांच्या गुणाकाराने भागायचे. घर्षणांक ०.८ असेल तर उत्तर सुमारे साडेसहा मीटर येते. ०.२ असेल तर साडेपंचवीस मीटर, आणि ०.१ असेल तर ५१ मीटर. शाळेच्या फाटकासमोरचा साडेसहा मीटर आणि ५१ मीटर यांतला फरक मुलांना पावलांनी मोजून दाखवावा.

चढावरही हीच गत. घर्षणांक ०.१ असताना चारही चाकांना गती मिळाली तरी दहास एक, म्हणजे सुमारे ६ अंशांहून अधिक चढ गाडीला चढता येत नाही. पूर्वीच्या गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांना गती मिळे. त्यांच्यावर अर्धे वजन धरले तर ही मर्यादा विसास एकवर येते. आपल्या डोळ्यांना असा चढ जवळजवळ सपाट वाटतो.

बर्फ निसरडा का?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून बराच काळ त्याचे एकच उत्तर फिरत राहिले : दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, म्हणून वजनाखाली बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून पाय घसरतो. दाबाने वितळणबिंदू खाली येतो हे अगदी खरे आहे. जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये ते सिद्धान्ताने मांडले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ते प्रयोगाने पडताळले. १८८६ मध्ये जॉन जोली यांनी बर्फावर घसरण्याच्या खेळाला हेच स्पष्टीकरण लावले.

पण आकडे घालून पाहा. दाब एक वातावरणाने वाढला तर वितळणबिंदू जेमतेम ०.००७५ अंश सेल्सिअसने उतरतो. टायरखालचा जादा दाब सुमारे दोन वातावरण असतो. म्हणजे उतार झाला ०.०१५ अंश! बर्फाचे तापमान उणे ५ अंश असेल तर या दाबाने काहीही वितळणार नाही. तरी गाडी घसरतेच.

मग पाणी येते कुठून? १८५० मध्ये मायकेल फॅरडे यांनी सुचवले होते, की गोठणबिंदूच्या खालीसुद्धा बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा पातळ थर असतो. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, हा त्यांचा पुरावा. त्यांचे म्हणणे बराच काळ बाजूला पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृष्ठभाग तपासण्याची नवी साधने आली, तेव्हा असा थर असल्याचे दिसून आले. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवायला शेजारी नसतात, त्यामुळे ते आतल्या रेणूंहून सैल असतात. दरम्यान १९३९ मध्ये केंब्रिजचे बाउडन आणि ह्यूज यांनी आल्प्स पर्वतात युंगफ्राउयोख येथे मोजमापे करून आणखी एक कारण दाखवले होते : घसरताना होणाऱ्या घर्षणाची उष्णताच बर्फाचा वरचा थर वितळवते.

वाहनचालकाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, खूप थंडीतला बर्फ त्या मानाने बरा. शून्याच्या आसपासचा, वर पाणी सुटलेला बर्फ सर्वांत घातक. दुसरी, जागच्या जागी गरगर फिरणारे चाक स्वतःच बर्फ वितळवून, घासून त्याला आणखी गुळगुळीत करते. जोर जास्त लावला की गाडी जास्तच अडकते. म्हणून बर्फावर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, हळुवार गाडी सुरू करण्याचा सल्ला देतात.

दोर, पट्टे आणि शेतावरची साखळी

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारचालकाला यातले काही माहीत असण्याची गरज नव्हती. त्याच्यापुढे अडलेली गाडी होती. १९०४ मध्ये अमेरिकेत रस्त्यांची पहिली देशव्यापी मोजदाद झाली. ग्रामीण भागात सुमारे साडेचौतीस लाख किलोमीटर रस्ते होते आणि त्यांपैकी जेमतेम ७ टक्के रस्त्यांवर खडी किंवा तत्सम काही घातलेले होते. बाकी सगळी माती. म्हणजे हिवाळ्यात हिम आणि वसंतात हिम वितळले की गुडघाभर चिखल. त्यात टायर अरुंद आणि गुळगुळीत. टायरवर नक्षी कोरण्याची पद्धत अजून रुळायची होती. १९०८ मध्ये फायरस्टोन कंपनीने टायरवर 'न घसरणारा' या अर्थाची इंग्रजी अक्षरेच ठसठशीत तिरकी उठवली. तीच अक्षरे म्हणजे टायरची नक्षी!

अशा वेळी चालक चाकाला दोर गुंडाळत. काही जण वेली किंवा फांद्याही गुंडाळत. तेव्हाच्या चाकांना लाकडी आरे असत, त्यामुळे हे सोपे होते : टायरवरून दोर घ्यायचा, दोन आऱ्यांमधून आत काढायचा, पुन्हा टायरवरून आणायचा आणि शेवटी गाठ मारायची. दोराच्या आडव्या वळ्या हिमात किंवा चिखलात रुतत आणि चाकाला धरायला काहीतरी मिळे. पावसाळ्यात रुतलेल्या एस.टी.च्या चाकाखाली आपल्याकडे पाला, दगड किंवा गोणपाट सरकवतात. युक्तीचे मूळ तेच. फरक एवढाच, की पाला मागे राहतो आणि दोर चाकाबरोबर येतो.

दोराचे दोष चालकांना लवकरच कळले असतील. उघड्या दगडांवर तो काही वेळात झिजून तुटतो. भिजून गोठला की लाकडासारखा ताठ होतो आणि गाठ सुटत नाही. तुटलेले टोक आसाभोवती गुंडाळले गेले तर चाकच अडते. दोराऐवजी साखळी हा पुढचा स्वाभाविक विचार. शेतावर घोडे जुंपायच्या साखळ्या असतच आणि गावात लोहार असे. साखळीचे हात-दीड हात लांबीचे तुकडे, त्यांच्या टोकांना चामड्याचे पट्टे आणि बकले. असा तुकडा टायरवर आडवा टाकून पट्टा आऱ्यांमधून घेऊन आवळायचा. ही झाली घरगुती साखळी. दुसऱ्या बाजूला कारखानदार चामड्याचे पट्टे बनवत. त्यांत पोलादी खिळे ठोकलेले असत आणि ते टायरवर चढवले जात.

घरगुती साखळीतही एक खोट राहिली. ती चाकाच्या एकाच जागी पक्की बांधलेली असे, त्यामुळे प्रत्येक फेरीला टायरच्या त्याच जागेवर तोच घाव बसे. त्या काळचे टायर महाग आणि नाजूक होते. पकड मिळवायची तर टायर गमवायचा, असा तो सौदा होता.

कॅनस्टोटाचा वीड

न्यूयॉर्क राज्यात एरी कालव्याच्या काठी कॅनस्टोटा नावाचे लहान गाव आहे. जवळच सिरॅक्यूज शहर. ऑन्टारिओ सरोवरावरून येणाऱ्या बाष्पाने भरलेल्या वाऱ्यांमुळे या पट्ट्यात प्रचंड हिम पडते. सिरॅक्यूजला एका हिवाळ्यात सरासरी सुमारे तीन मीटर हिमवर्षाव होतो. मोटारींचा उद्योगही तिथे होता. १९०२ पासून सिरॅक्यूजमध्ये फ्रँकलिन कंपनीच्या गाड्या बनत. त्यांचे इंजिन हवेने थंड होई, त्यामुळे हिवाळ्यात त्यात पाणी गोठून फुटण्याची भीती नव्हती. भरपूर हिम आणि गाड्याही, अशा या भागातच टायरच्या साखळीचा प्रश्न सुटला हे स्वाभाविक वाटते.

कॅनस्टोटाचे हॅरी वीड यांनी लोक चाकांना दोर आणि वेली गुंडाळताना पाहिले होते. २३ ऑगस्ट १९०४ रोजी त्यांना 'हवा भरलेल्या टायरसाठी पकड' या शोधाचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ७६८४९५. रचना शिडीसारखी. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंना एकेक साखळी, गोल कड्यासारखी. आणि या दोन कड्यांना जोडणारे साखळीचे आडवे तुकडे. जमिनीला टेकतात ते हे आडवे तुकडे. बाजूच्या कड्यांचा घेर टायरच्या बाहेरच्या घेराहून कमी असतो, म्हणून साखळी निसटून बाहेर येत नाही. शिडी जमिनीवर पसरायची, तिच्यावर गाडी घ्यायची, टोके वर आणून अडकवायची.

यातली महत्त्वाची गोष्ट पटकन नजरेत भरत नाही. अशी साखळी आऱ्यांना बांधावी लागत नाही. टायरवर ती थोडी सैल बसते आणि चाक फिरताना टायरवरून सावकाश सरकत राहते. त्यामुळे आडवे तुकडे टायरच्या एकाच जागी घाव घालत नाहीत, झीज सगळीकडे वाटली जाते. घट्ट बांधण्यापेक्षा जरा सैल सोडणे चांगले, हा शोध बुद्धीला चटकन पटणारा नव्हता. इंग्लंडमध्ये पार्सन्स यांच्या साखळ्याही याच सुमारास निघाल्या होत्या, आणि पुढे या पेटंटांवरून अमेरिकन न्यायालयांत दावे चालले. साखळी टायरवर सरकू देणे हा त्या दाव्यांतला कळीचा मुद्दा होता. वीड यांचे नाव पुढे अमेरिकन चेन कंपनीच्या साखळ्यांवर कितीतरी वर्षे झळकले. दोर गुंडाळणाऱ्यांची नावे मात्र कुणी नोंदली नाहीत.

साखळी नेमके काय करते?

साखळी घर्षण वाढवते असे आपण सहज म्हणतो. लोखंड आणि बर्फ यांच्यातले घर्षण मात्र मुळात फार कमी असते, म्हणून तर घसरगाडीला लोखंडी पट्ट्या लावत! मग लोखंडी साखळी पकड कशी देते?

इथे वजन किती जागेवर येते ते पाहावे लागते. टायरचे ३०० किलो १५० चौ. सें.मी. वर पसरलेले असतात. साखळीचा आडवा तुकडा खाली आला की हेच वजन काही कड्यांच्या कडांवर येते. ती जागा २ चौ. सें.मी. धरली तर दाब दर चौ. सें.मी.ला १५० किलो होतो, म्हणजे ७५ पट. गोठणबिंदूजवळचा बर्फ साधारण ५० ते १०० किलो दाबाला चुरडू लागतो. त्यामुळे कडी बर्फात रुतते. आता चाक घसरायचे तर त्या कडीला समोरचा बर्फ फोडत जावे लागेल. म्हणजे इथे पृष्ठभागांच्या घर्षणापेक्षा बर्फाची स्वतःची ताकद कामाला येते. घोड्याच्या नालेतले खिळे हेच करत. भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके लावतात, त्यांचे तत्त्वही याच्या जवळचे आहे.

आडवे तुकडे किती हवेत? ७० सें.मी. व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे २२० सें.मी. टायर जमिनीला टेकतो त्या भागाची लांबी १५–१६ सें.मी. धरू. त्या भागात कायम एक तरी तुकडा हवा, नाहीतर दोन तुकड्यांच्या मध्ये चाक घसरेल आणि गाडी हिसके खाईल. २२० ला १६ ने भागले की सुमारे १४ येतात. घरगुती साखळ्यांत चार-सहा तुकड्यांवर भागवत. चिखलातून बाहेर निघण्यापुरते ते पुरे, पण घाट उतरायला अपुरे.

आणि हीच साखळी उघड्या डांबरावर आली तर? डांबर बर्फासारखे चुरडत नाही. कड्या आत रुतत नाहीत, वर आपटत राहतात. गाडी थरथरते, साखळी झिजते, टायर कापला जातो, रस्ता खरवडला जातो. म्हणून साखळ्या लावून ताशी साधारण ५० कि.मी.च्या पुढे जायचे नसते आणि हिम संपताच त्या काढायच्या असतात. ज्या चाकांना इंजिनाची गती मिळते त्यांनाच त्या आधी लावायच्या, कारण ढकलण्याचे काम तीच चाके करतात.

पकडीची किंमत

दर खेपेला साखळी चढवणे आणि उतरवणे हे गोठलेल्या हातांना कंटाळवाणे काम. त्यामुळे दुसरे उपाय निघाले. फिनलंडमध्ये १९३४ मध्ये हिवाळ्यासाठी खास टायर निघाला. त्याच्या नक्षीत हिम दाबून बसे आणि हिमावर हिम चांगले धरते, याचा त्याला फायदा मिळे. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून रस्त्यांवर मीठ टाकणे वाढले. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो आणि बर्फ वितळतो. पण ते मीठ पुलांचे लोखंड गंजवते आणि ओढ्या-विहिरींत उतरते. १९५० च्या दशकाअखेरीस टायरमध्येच कठीण धातूचे खिळे बसवलेले टायर आले. कायम लावलेली साखळीच जणू. चालक खूश झाले.

पण हिवाळाभर सगळाच रस्ता बर्फाने झाकलेला नसतो. उघड्या डांबरावर हे खिळे रस्ता अक्षरशः दळू लागले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली. जपानमधल्या सेंदाई शहरात हिम त्या मानाने कमी पडते, त्यामुळे खिळ्यांचे टायर बहुतेक वेळ कोरड्या रस्त्यावरच धावत. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या हवेत डांबराची आणि खडीची धूळ इतकी वाढली की नागरिकांनी आवाज उठवला. श्वासाबरोबर ही धूळ शरीरात जाते, ही त्यांची तक्रार होती. मियागी प्रांताने १९८५ मध्ये यासाठी अधिनियम केला आणि १९९० मध्ये देशभरासाठी कायदा झाला. खिळ्यांचे टायर मागे पडले आणि हवा सुधारली.

गोष्ट इथे संपत नाही. उत्तरेकडच्या साप्पोरोसारख्या भरपूर हिमाच्या शहरांत नवाच प्रश्न उभा राहिला. पूर्वी खिळे बर्फाचा थर सतत खरवडून खडबडीत ठेवत असत. आता बिनखिळ्यांच्या टायरांनी तोच थर घासून आरशासारखा झाला. रस्ता ओलांडणारी माणसे घसरून पडू लागली आणि रस्त्यांवर वाळू व क्षार जास्त टाकावे लागले. खिळ्यांच्या गाड्या हवा बिघडवत होत्या, पण नकळत पायी चालणाऱ्यांचा रस्ताही खडबडीत ठेवत होत्या.

पकड फुकट मिळत नाही, हे या सगळ्या इतिहासाचे सार म्हणता येईल. दोराने टायरचे नुकसान केले; ते गाडीच्या मालकाचेच होते. खिळ्यांनी रस्ता आणि हवा बिघडवली. ती किंमत गाडी नसलेल्यानेही भरली. मिठाचा बोजा नदीवर गेला. एखादे साधन 'चांगले' की 'वाईट' हे ठरवताना फायदा कुणाला आणि भार कुणावर, हे दोन्ही विचारावे लागतात. त्या दृष्टीने काम झाल्यावर काढून ठेवता येणारी साखळी हे बरेच प्रामाणिक साधन आहे. तिचा त्रास वापरणाऱ्यालाच होतो, म्हणून तो ती गरजेपुरतीच वापरतो.

आपल्या देशात काश्मीर, लडाख, हिमाचल, सिक्कीम येथील चालकांकडे हिवाळ्यात साखळ्या असतातच. २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला, तरी बोगद्यापर्यंतचा चढ उघड्यावरच आहे. ताजे हिम पडले की चारही चाकांना गती मिळणाऱ्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. महाराष्ट्रातून हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनी ही अडवणूक समजू नये. वरचा ५१ मीटरचा हिशेब आठवावा. आणि दोर गुंडाळण्याची जुनी युक्ती आजच्या गाडीवर करू नये. आऱ्यांची जागा बंद चाकांनी घेतली आहे, आणि चाकाच्या आत ब्रेकच्या नळ्या व तारा अगदी जवळ असतात. सुटलेला दोर किंवा साखळी त्या तोडू शकते.

वर्गात करून पाहा

एका पसरट ताटात पाणी गोठवून बर्फाची लादी करा. खेळण्यातल्या गाडीची चाके फिरणार नाहीत अशी चिकटपट्टीने बांधा. गाडी लादीवर ठेवा आणि ताट एका बाजूने सावकाश उचला. गाडी ज्या क्षणी घसरेल तेव्हा उचललेल्या कडेची उंची मोजा आणि तिला ताटाच्या खाली टेकलेल्या कडेपासूनच्या आडव्या अंतराने भागा. हा झाला घर्षणांक. लादी शीतकपाटातून काढल्याबरोबर एकदा मोजा आणि तिला पाणी सुटल्यावर पुन्हा मोजा.

मग चाकांना आडवा दोरा गुंडाळून मोजा. जुन्या माळेची बारीक साखळी मिळाली तर तीही गुंडाळून पाहा. बहुधा सुरुवातीला फारसा फरक पडणार नाही. आता गाडीवर नाणी ठेवत जा आणि प्रत्येक वेळी मोजा. साध्या चाकाचा घर्षणांक वजनाने फारसा बदलायला नको, हे आपण पुस्तकात शिकलो आहोत. साखळीच्या चाकाचेही तसेच होते का? मुलांनी आकडे फळ्यावर मांडावेत आणि फरक दिसला तर त्याचे कारण त्यांनाच शोधू द्यावे. शेवटी ताटातली लादी बाहेर काढून तिच्यावर उमटलेले ओरखडे बोटांनी चाचपून पाहायला सांगा.